रक्ताचा गुण की संगतीचा? जबलपूरचा एक धडा

आपल्या मराठी भाषेत दोन म्हणी आहेत. पहिली म्हण म्हणते, ‘खाण तशी माती.’ दुसरी म्हणते, ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.’ पहिलीचा आशय असा, की मनुष्य जसा जन्मतो तसाच तो राहतो. मुळात जे असते तेच वर येते. दुसरी जरा अधिक सावध आहे. शेजारी बांधल्याने बैलाचा रंग बदलत नाही, परंतु त्याची खोड मात्र बदलते, असे ती सांगते. घरात एखादे मूल हट्टी निघाले, रागीट निघाले किंवा वाईट मार्गाला लागले, म्हणजे आपण या दोन्ही म्हणी आळीपाळीने वापरतो. मूल दुसऱ्याचे असले तर बहुधा पहिली आठवते, आपले असले तर दुसरी!

वाचकहो, हा प्रश्न केवळ गप्पांचा नाही. दत्तक घेण्यासाठी अनाथालयात गेलेले दांपत्य ‘हे मूल कोणाचे?’ असे दबक्या आवाजात विचारते, तेव्हा त्यामागे हाच प्रश्न असतो. दारुड्या बापाचा मुलगा रात्री अंथरुणावर पडून ‘मीही तसाच होणार काय?’ असे स्वतःला विचारतो, तेव्हाही हाच प्रश्न असतो. आणि एखाद्या वस्तीत चोरी झाली की पोलिसांची गाडी ठराविक पालांकडेच का वळते, या प्रश्नाचे मूळही येथेच आहे. म्हणून अनुवंश आणि परिस्थिती यांचा मनुष्याच्या व प्राण्यांच्या वर्तनावर कसा परिणाम होतो, याचा आपण शांतपणे विचार करू या. त्यासाठी प्रथम नर्मदेकाठच्या जबलपूरला जाऊ या. तेथे सुमारे १९० वर्षांपूर्वी या प्रश्नाची एक मोठी परीक्षा कोणाच्याही ध्यानीमनी नसताना घडून आली.

न्यायालयाच्या दारातील खुनी

जबलपूर हे मराठी माणसाला परके गाव नाही. नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखालून ते १८१७ साली इंग्रजांकडे गेले, आणि सागर व नर्मदा प्रदेशांच्या कारभाराचे ते एक मुख्य ठाणे झाले. विल्यम हेन्री स्लीमन हा कंपनी सरकारचा अधिकारी १८२२ ते १८२४ या काळात जवळच्या नरसिंहपूर जिल्ह्याचा कारभार पाहत होता. आपल्या जिल्ह्यातील एकही मोठा गुन्हा आपल्या नजरेतून सुटत नाही, अशी त्याची खात्री होती. पुढे त्याला कळून चुकले, की त्याच्या कचेरीपासून अवघ्या ४०० यार्डांवर असलेल्या कंदेली गावात ठगांची एक टोळी नांदत होती, आणि जिल्ह्यातीलच एका आमराईत कित्येक वाटसरूंची प्रेते पुरलेली होती. हे त्याने स्वतःच पुढे लिहून ठेवले.

ठगांची रीत आपण ऐकली असेल. ते यात्रेकरू, व्यापारी किंवा शिपाई असल्याची बतावणी करून प्रवाशांच्या सोबतीला लागत. गोड बोलून, एकत्र जेवून, कित्येक दिवस बरोबर चालून विश्वास संपादन करीत. मग ठरलेला इशारा होताच रुमालाने गळा आवळून सर्वांना ठार करीत आणि आधी खणून ठेवलेल्या खड्ड्यांत पुरून टाकीत. हेच लोक पावसाळ्यात आपापल्या गावी शेती करीत आणि घरी प्रेमळ बाप व शेजारधर्म पाळणारे गृहस्थ म्हणून राहत.

१८३५ साली ठगांच्या बंदोबस्ताचे सर्व काम स्लीमनकडे सोपविण्यात आले. त्याचे मुख्य साधन म्हणजे माफीचे साक्षीदार. पकडलेल्या ठगाला जीवदान देऊन त्याच्याकडून साथीदारांची नावे काढून घ्यावयाची, अशी ही पद्धत होती. १८३१ ते १८३७ या काळात ३,००० हून अधिक ठग पकडले गेले. त्यांपैकी ४१२ जणांना फाशी झाली, ४८३ जण साक्षीदार झाले, आणि इतर बहुतेकांना काळे पाणी किंवा कारावास मिळाला. प्राण वाचविण्यासाठी दिलेल्या साक्षींवर किती भरवसा ठेवावा, हा प्रश्न आजचे इतिहासकार विचारतात आणि तो रास्तच आहे. तरीही खून झाले होते व प्रेते सापडली होती, हे खोटे नव्हे.

वंशवृक्षाने काय सांगितले?

स्लीमनने ठग घराण्यांचे वंशवृक्ष तयार केले. आजोबा ठग, बाप ठग, मुलगा ठग, पुतणे ठग अशी ती लांबलचक यादी पाहिली म्हणजे कोणालाही वाटावे, की हा रक्तातलाच दोष आहे. त्या काळच्या अनेक अधिकाऱ्यांना तसेच वाटले.

परंतु त्याच कागदपत्रांत दोन गोष्टी अशा आहेत, की त्यांनी हा निष्कर्ष डळमळीत होतो. पहिली गोष्ट अशी, की ठग एका रक्ताचे नव्हतेच. त्यांत हिंदू होते, मुसलमान होते, आणि जातीही निरनिराळ्या होत्या. फिरंगिया नावाचा प्रसिद्ध ठग ब्राह्मण होता. जुन्या घराण्यांखेरीज गरिबीमुळे, कर्जामुळे किंवा मित्राच्या नादाने टोळीत शिरलेले लोकही कमी नव्हते. दुसरी गोष्ट अधिक हृदयद्रावक आहे. वाटसरूंचा खून करताना त्यांच्या लहान मुलांना ठग काही वेळा जिवंत ठेवीत आणि आपल्या घरी नेऊन पोटच्या मुलांप्रमाणे वाढवीत. अशा मुलांपैकी काही मोठेपणी ठगच झाले. त्यांच्या अंगात प्रामाणिक व्यापाऱ्याचे किंवा शिपायाचे रक्त होते. हातात मात्र रुमाल आला. ज्या धंद्याने आपल्या आईबापांचा प्राण घेतला तोच धंदा त्यांनी उचलला, कारण त्यांनी दुसरे घर पाहिलेच नव्हते.

म्हणजे वंशवृक्षावरून एवढेच सिद्ध होते, की बापाचा धंदा मुलाकडे जातो. तो रक्तातून जातो की घरातून, हे वंशवृक्ष सांगू शकत नाही. कारण सामान्यतः जो जन्म देतो तोच वाढवितो. या दोन धाग्यांचा गुंता सोडवायचा असेल, तर एकाच्या पोटी जन्मलेले मूल दुसऱ्याच्या घरी वाढलेले पाहावे लागते.

तंबू आणि गालिचे

परीक्षेची दुसरी बाजू जबलपुरातच घडली. माफीच्या साक्षीदारांना मोकळे सोडणे सरकारला धोक्याचे वाटे. त्यांची बायकामुलेही जबलपुरात आणली गेली. ही मुले मोठी झाल्यावर काय करतील? बापाकडून विद्या शिकून पुन्हा रस्ते धरतील, अशी धास्ती होती. तेव्हा १८३७ च्या सुमारास जबलपूर येथे एक उद्योगशाळा सुरू करण्यात आली. तेथे हे साक्षीदार व त्यांची मुले विणकाम शिकू लागली. तंबू, सतरंज्या आणि गालिचे तयार होऊ लागले, आणि जबलपूरच्या तंबूंना व गालिच्यांना पुढे चांगले नाव मिळाले.

त्या मुलांचे काय झाले? ती विणकर झाली. ज्यांच्या बापांनी व आजोबांनी रुमालाने गळे आवळले, त्यांनी मागावर सूत ओढले. अंगातील रक्त तेच होते. घर, काम आणि शिक्षक बदलले होते. ठगी पुढच्या पिढीत चालू राहिली नाही.

आपण प्रामाणिक राहिले पाहिजे. ही शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतील परीक्षा नव्हती. त्या मुलांवर पहारा होता. शिवाय देशही बदलत होता. रस्त्यांवर बंदोबस्त आला, आणि १८७० साली मुंबई व कलकत्ता ही शहरे जबलपूरमार्गे लोहमार्गाने जोडली गेली, तेव्हा महिनोन्‌महिने पायी चालणारा प्रवासीच दुर्मिळ होऊ लागला. परंतु हीसुद्धा परिस्थितीच नव्हे काय? ठगीला रक्ताची गरज होती त्यापेक्षा निर्जन वाटा, लाच घेणारे जमीनदार आणि दुसरा धंदा नसणे यांची अधिक गरज होती. त्या गोष्टी गेल्या तेव्हा ठगीही गेली.

मुक्या प्राण्यांकडून काय शिकावे?

तर मग अनुवंशाला काहीच महत्त्व नाही काय? तसे म्हणणेही चुकीचे ठरेल. कोकिळा आपले अंडे कावळ्याच्या घरट्यात घालते. ते पिल्लू कावळ्याच्या चोचीतून भरविले जाते, कावळ्यांच्या कलकलाटात वाढते. तरी मोठे होऊन ते काव काव करीत नाही, कोकिळ पक्ष्याचीच साद घालते. येथे वाण जिंकते. परंतु सर्व पक्षी असे नाहीत. चॅफिंच नावाच्या युरोपातील एका लहान पक्ष्याचे पिल्लू एकांतात वाढविले, तर त्याला गाणे येते खरे, पण ते अर्धवट व ओबडधोबड असते, असे विल्यम थॉर्प या इंग्रज शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात दाखवून दिले. गाण्याची ओढ जन्मतः मिळते; गाणे मात्र वडीलधाऱ्यांकडून ऐकून शिकावे लागते.

रशियातील नोव्होसिबिर्स्क येथे १९५९ साली दिमित्री बेल्यायेव्ह यांनी एक दीर्घ प्रयोग आरंभिला. पिंजऱ्यातील रुपेरी कोल्ह्यांपैकी माणसाला कमीत कमी भिणारे व न चावणारे तेवढे निवडून त्यांचीच वीण वाढवावयाची, असा तो प्रयोग होता. थोड्याच पिढ्यांत माणसाला पाहून शेपूट हलविणारी व हात चाटणारी पिल्ले जन्मू लागली. हा आईच्या वागण्याचा परिणाम असेल, अशी शंका येणे साहजिक होते. म्हणून त्यांच्या सहकारी ल्युदमिला त्रुत यांनी माणसाळलेल्या मादीचे गर्भ रागीट मादीच्या उदरात वाढविले. पिल्ले तरीही माणसाळलेलीच निघाली. स्वभावाचा काही अंश जन्माबरोबरच येतो, याचा हा मोठा पुरावा आहे.

आता दुसरा प्रयोग पाहा. अमेरिकेत रॉबर्ट ट्रायन यांनी भुलभुलैयातून लवकर वाट काढणारे व वारंवार चुकणारे असे उंदरांचे दोन वेगळे वंश तयार केले आणि आपले निष्कर्ष १९४० साली प्रसिद्ध केले. येथवर हुशारी रक्तातील ठरली. परंतु १९५८ साली कूपर व झुबेक या कॅनडातील दोन संशोधकांनी तशाच दोन वंशांची पिल्ले निरनिराळ्या पिंजऱ्यांत वाढविली. काहींना खेळणी, बोगदे, उतरंडी असलेला पिंजरा मिळाला, तर काहींना केवळ रिकाम्या भिंती. रिकाम्या पिंजऱ्यात ‘हुशार’ वंशाची पिल्लेही ‘मंद’ वंशाइतकीच चुकली, आणि भरल्या पिंजऱ्यात ‘मंद’ वंशाची पिल्ले ‘हुशार’ वंशाच्या जवळपास येऊन पोहोचली. वंशाचा फरक खरा होता. पण तो दिसणार की नाही, हे पिंजऱ्याने ठरविले.

याहून पुढची गोष्ट कॅनडातील मायकेल मीनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविली. काही उंदरीण आपल्या पिल्लांना पुष्कळ चाटतात, गोंजारतात. काही तसे करीत नाहीत. न चाटणाऱ्या आईची पिल्ले चाटणाऱ्या आईकडे वाढविली, तेव्हा ती मोठेपणी शांत झाली आणि माद्या स्वतःही मायाळू आया झाल्या. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनात असे आढळले, की आईच्या या मायेने पिल्लांच्या मेंदूतील एका जनुकावर रासायनिक खुणा उमटतात, आणि ते जनुक किती काम करील हे त्या खुणांवरून ठरते. जनुकाची अक्षरे बदलत नाहीत, पण ती किती मोठ्याने वाचली जातात हे बदलते. उंदराचे सर्वच नियम माणसाला लावता येत नाहीत. तथापि रक्त आणि संगत या दोन वेगळ्या खोल्या नसून त्यांमध्ये एक दार आहे, हे यावरून कळते.

मनुष्याविषयी काय आढळले आहे?

माणसावर असे प्रयोग करता येत नाहीत, करूही नयेत. म्हणून शास्त्रज्ञ जुळ्यांचा व दत्तक मुलांचा अभ्यास करतात. एकाच बीजातून झालेल्या जुळ्यांचे अनुवंशिक द्रव्य जवळजवळ सारखेच असते. जन्मानंतर दुरावलेल्या जुळ्यांचा एक मोठा अभ्यास अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९७९ साली सुरू झाला, आणि निरनिराळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांमध्येही स्वभावाचे आश्चर्यकारक साम्य आढळले. २०१५ साली जगभरातील ५० वर्षांच्या जुळ्यांच्या अभ्यासांचे एकत्र परीक्षण प्रसिद्ध झाले. त्यात निरनिराळ्या गुणांमधील फरकांपैकी सरासरीने सुमारे ४९ टक्के फरक अनुवंशाशी निगडित दिसला.

या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. ‘माझा निम्मा स्वभाव आईबापांचा आणि निम्मा माझा’ असा त्याचा अर्थ नाही. तो आकडा एका व्यक्तीविषयी नसून समुदायातील माणसामाणसांतील फरकांविषयी आहे. एक उदाहरण घ्या. एकाच पोत्यातील मिश्र बियाणे काळ्या कसदार जमिनीत पेरले, तर त्या शेतातील रोपांमध्ये जो उंचीचा फरक पडेल तो बहुतेक बियाण्यामुळे. तेच बियाणे मुरमाड जमिनीत पेरले, तर तेथेही रोपारोपांतील फरक बियाण्यामुळेच. परंतु दोन शेतांमधील फरक मात्र संपूर्णपणे जमिनीचा! म्हणून एका समाजातील माणसांमध्ये अनुवंशामुळे फरक पडतात, यावरून एक समाज दुसऱ्याहून हीन आहे असा निष्कर्ष काढणे ही मोठी चूक आहे. पेरणाऱ्याच्या दाखल्यात (मार्क ४) बी एकच होते आणि जमिनी चार होत्या, हे आपणांस ठाऊकच आहे.

‘गुन्ह्याचे जनुक’ सापडले, अशा बातम्या अधूनमधून येतात. १९९३ साली हॉलंडमधील एका कुटुंबाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्यातील कित्येक पुरुष एकाएकी हिंसक होत, आणि त्यांच्या एका जनुकात दोष आढळला. मेंदूतील काही रसायनांचे विघटन करणारे द्रव्य त्या दोषामुळे तयारच होत नव्हते. असा पूर्ण दोष अत्यंत विरळा आहे. त्याच जनुकाचा मंद काम करणारा प्रकार मात्र पुष्कळ लोकांमध्ये असतो. न्यूझीलंडमधील डनीडिन येथे १९७२-७३ साली जन्मलेल्या मुलांचा जन्मापासून अभ्यास चालू आहे. त्यावरून २००२ साली असे दिसले, की हा मंद प्रकार असलेल्या ज्या मुलांचा बालपणी छळ झाला, ते मोठेपणी अधिक प्रमाणात हिंसक झाले. ज्यांचा छळ झाला नाही ते झाले नाहीत. पुढील सर्वच अभ्यासांत हा परिणाम इतका स्पष्ट आढळला नाही, म्हणून त्यावर फार भार टाकू नये. शास्त्रज्ञ आता एवढे मात्र निश्चित सांगतात, की आपल्या सुमारे २०,००० जनुकांपैकी कोणतेही एकटे जनुक मनुष्याला चोर किंवा साधू बनवीत नाही. स्वभावाच्या घडणीत असंख्य लहान लहान अनुवंशिक फरक भाग घेतात आणि प्रत्येकाचा वाटा अगदी थोडा असतो.

अनुवंशिक असणे म्हणजे अटळ असणे नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. फिनाइलकीटोन्युरिया नावाचा एक अनुवंशिक विकार आहे. त्यात अन्नातील एक घटक शरीराला पचविता येत नाही आणि मुलाची बुद्धी खुंटते. परंतु जन्मतःच रक्त तपासून बाळाला तो घटक अत्यल्प असलेला आहार दिला, तर तेच मूल इतरांसारखे वाढते. दोष जनुकात आणि उपाय ताटात!

‘जन्मजात गुन्हेगार’ ही कल्पना कोठवर गेली?

जबलपूरचा धडा डोळ्यांपुढे असतानाही राज्यकर्त्यांनी उलटाच निष्कर्ष काढला. १८७१ साली ‘गुन्हेगार जमाती कायदा’ झाला. सुताराचा मुलगा सुतार होतो, त्याप्रमाणे या देशात पिढीजात गुन्हेगारही असलेच पाहिजेत, असा युक्तिवाद त्या वेळी मांडला गेला. संपूर्ण जमातींची नावे नोंदविण्यात आली. त्या जमातीत जन्मलेल्या माणसाला, त्याने कधी कोणाची काडीही उचललेली नसली तरी, हजेरी द्यावी लागे आणि गाव सोडताना परवाना घ्यावा लागे. १८९७ च्या दुरुस्तीने चार वर्षांपासूनची मुले आईबापांपासून वेगळी करून सुधारगृहांत ठेवण्याचाही अधिकार सरकारने घेतला. यातील विसंगती पाहा. दोष जर रक्तातच असेल, तर मुलांना वेगळे ठेवून काय साधणार? आणि दोष जर शिकवणुकीत असेल, तर जन्मावरून शिक्षा का?

महाराष्ट्रातही अशा जमातींसाठी तारेच्या कुंपणाच्या वसाहती होत्या. सोलापूरची ‘सेटलमेंट’ जुन्या लोकांना ठाऊक आहे. या बाबतीत आपण ख्रिस्ती लोकांनीही आत्मपरीक्षण केले पाहिजे. मुक्तिफौजेने १९०८ साली गोरखपूर येथे अशी वसाहत चालविण्यास घेतली, आणि पुढे इतर ठिकाणीही हे काम पसरले. तेथे शाळा होत्या, दवाखाने होते, विणकाम होते, आणि काम करणाऱ्या पुष्कळांच्या मनात दया होती, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्याने गुन्हा केलेला नाही त्याची हजेरी घेणाऱ्या व्यवस्थेत आपल्या लोकांनी भाग घेतला, हेही विसरता येत नाही. दया दाखविताना न्यायाचा प्रश्न बाजूला राहिला. पश्चिमेकडे याच विचाराने अधिक भयंकर रूप घेतले. अमेरिकेतील इंडियाना राज्याने १९०७ साली ‘हीन’ ठरविलेल्या लोकांची सक्तीने नसबंदी करण्याचा कायदा केला, आणि १९३३ साली जर्मनीतील नाझी सरकारने तसाच कायदा केला. त्याचा शेवट कोठे झाला, हे जगाला ठाऊक आहे.

आपल्या देशात हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. म्हणून या जमातींना ‘विमुक्त’ म्हणतात. कायदा गेला, पण कलंक गेला काय? लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) ही आत्मकथने ज्यांनी वाचली आहेत, त्यांना याचे उत्तर सांगावयास नको. ही दोन्ही पुस्तके साहित्य अकादमीच्या पुरस्काराने गौरविली गेली. ज्यांच्या रक्तात गुन्हाच आहे असे सरकारदप्तरी लिहिले होते, त्याच घरांतून हे लेखक आले.

पवित्र शास्त्र काय शिकविते?

बाबेलमधील बंदिवासात असलेल्या इस्राएल लोकांमध्येही अशीच एक म्हण प्रचलित होती. बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, अशा आशयाची ती म्हण होती. आमच्या पूर्वजांचे पाप आम्हाला भोवले, आमच्या हाती काही नाही, असा तिचा रोख. यहेज्केल संदेष्ट्याच्या अठराव्या अध्यायात देवाने ही म्हण थांबविली आहे. तेथे तीन पिढ्यांचे चित्र आहे. बाप नीतिमान, त्याचा मुलगा हिंसक, आणि नातू आपल्या बापाची सर्व पापे पाहूनही तसे न करणारा. प्रत्येकाचा न्याय त्याच्या स्वतःच्या आचरणावरून होतो.

हे केवळ चित्र नव्हे. यहूदाच्या राजघराण्यात ते प्रत्यक्ष घडले. हिज्कीया देवभीरू राजा. त्याचा मुलगा मनश्शे निर्दोष रक्त सांडणारा. मनश्शेचा मुलगा आमोन त्याच वळणाचा. आणि आमोनाचा मुलगा योशीया मात्र देवाला मनापासून शरण जाणारा (२ राजे १८ ते २३). रक्त एकच, घराणे एकच. तरी प्रत्येकाने वेगळी वाट धरली. एवढेच नव्हे, तर मनश्शेनेही संकटात नम्र होऊन पश्चात्ताप केला (२ इतिहास ३३).

मग तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पापाचा परिणाम पोहोचतो, हे निर्गम २० मधील वचन खोटे काय? नाही. परिणाम पोहोचतात, हे आपण रोज पाहतो. दारुड्याच्या घरात मूल उपाशी राहते, मारहाण पाहते, आणि व्यसनाकडे झुकणारा स्वभावही कदाचित वारशात मिळविते. परंतु परिणाम भोगणे वेगळे आणि दोषी ठरणे वेगळे. जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनी विचारले, की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले (योहान ९). दोष कोणाचा हे शोधण्यात न थांबता त्याने त्या मनुष्याचे डोळे उघडले.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट, दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांनी ‘रक्त कोणाचे’ या भीतीने मागे हटू नये. मूल काही कल घेऊन येईलच. पोटचे मूलही घेऊन येते. पण त्या कलाला कोणती जमीन मिळते, हे पुष्कळ अंशी आपल्या हाती आहे. तीमथ्याच्या विश्वासाविषयी लिहिताना पौल त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांची आठवण करतो (२ तीमथ्य १). तो वारसा घरातील सहवासाने मिळाला होता.

दुसरी गोष्ट, ज्याच्या घराण्यात दारू, क्रोध किंवा निराशा यांचा इतिहास आहे, त्याने तो लपवू नये आणि त्यापुढे हातही टेकू नयेत. ज्या घरात मधुमेह आहे त्या घरातला मनुष्य साखर बेताने खातो. तो जगण्याची आशा सोडत नाही. तसेच दारुड्या बापाच्या मुलाने पहिला पेलाच हाती धरू नये. इतरांपेक्षा त्याला अधिक झगडावे लागेल, आणि जो अधिक झगडतो त्याला मंडळीने अधिक आधार द्यावा, नावे ठेवू नयेत.

तिसरी गोष्ट, ज्याची मुले चांगली निघाली त्याने गर्व करू नये, आणि ज्याचे मूल बहकले त्या आईबापांवर इतरांनी दगड उचलू नये. हिज्कीयाच्या घरीही मनश्शे जन्मला. बी, जमीन आणि त्या मनुष्याची स्वतःची निवड, ही तिन्ही कोणाच्याच पूर्ण ताब्यात नसतात.

शेवटची गोष्ट, आपल्या गावाबाहेर पाल ठोकून राहणाऱ्या पारध्याच्या किंवा कैकाड्याच्या मुलाला आपल्या शाळेत, आपल्या रविवारच्या वर्गात, आपल्या मुलांच्या शेजारी जागा आहे काय, हे प्रत्येक मंडळीने स्वतःला विचारावे. ठगांच्या मुलांच्या हाती कोणीतरी सूत दिले, तेव्हा त्यांनी गालिचे विणले. त्यांच्या हाती रुमालच राहू दिला असता, तर ‘रक्ताचा गुण’ म्हणून आपण मोकळे झालो असतो.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

१. ठगांचे वंशवृक्ष पाहून गुन्हा रक्तातच आहे असे सिद्ध होते काय? का नाही?

२. ठगांनी वाढविलेली अनाथ मुले आणि जबलपूरच्या उद्योगशाळेतील मुले, या दोन उदाहरणांतून कोणता धडा मिळतो? त्या धड्याला कोणत्या मर्यादा आहेत?

३. ‘अनुवंशिक आहे’ आणि ‘अटळ आहे’ यांत फरक कोणता? उदाहरण द्या.

४. यहेज्केल १८ आणि निर्गम २० यांचा मेळ आपण कसा घालाल?

५. आपल्या परिसरात जन्मावरून कलंकित ठरविले गेलेले लोक कोण आहेत? त्यांच्यासाठी आपली मंडळी या वर्षी कोणती एक गोष्ट करू शकेल?